टूथब्रशाची दांडी

थॉमस स्टीव्हन्स नावाचा एक गृहस्थ १८८६ साली सायकलवरून लाहोरहून कलकत्त्याला गेला. ग्रँड ट्रंक रोड धरून. सायकल त्या काळातली, पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं असून नसल्यासारखं. सामान म्हणाल तर मोजे, एक जादा सदरा, एक रेनकोट आणि एक पिस्तूल. पावसात रेनकोट अंगावर, रात्री त्याचाच तंबू आणि त्याचंच अंथरूण. एवढ्यावर पठ्ठ्याने सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जगाला फेरी मारली. वाटेत कानपूर लागलं. तिथून लखनौ ऐंशी-नव्वद किलोमीटर. तो वळला नाही, सरळ पुढे निघून गेला. त्याची प्रदक्षिणा पुरी झाली ती या एका निर्णयामुळे, असं माझं ठाम मत आहे. लखनौत शिरला असता तर नुसत्या रेनकोटावर त्याला कुणी शहराबाहेर पडू दिलं नसतं. निदान दोन किलो रेवडी आणि कुणाच्या तरी मेहुणीसाठी चिकनचा कुर्ता त्या पिस्तुलाशेजारी बसला असता.

हे मत नानांमुळे बनलं. नाना आमचे शेजारी, मूळचे पुण्याचे, पण हयात गेली ती इथे लखनौत, मानकनगरच्या आरडीएसओत. ही रेल्वेची संशोधन संस्था. नव्या धर्तीचा डबा प्रवाशांसाठी मोकळा होण्याआधी त्याला ठिकठिकाणी मापकं बांधतात, वेगवेगळ्या वेगाने, बऱ्या-वाईट रुळांवरून पळवतात आणि तो किती डुलतो ते बघतात. त्याला ऑसिलेशन ट्रायल म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याचं डुलणं मोजण्यात गेल्यावर, निवृत्तीनंतर नानांच्या मनाने घेतलं की लखनौहून पुण्याला सायकलने जायचं.

दुसरा कुणी असता तर टायरमध्ये हवा भरून निघाला असता. नानांनी फाइल उघडली. फाइलच्या पाठीवर लिहिलं, ‘विषय : पुणे’. आत रस्त्याचा तक्ता. कानपूर, उरई, झाशी, शिवपुरी, गुना, इंदूर, सेंधव्याचा घाट, धुळे, नाशिक, पुणे. तेराशे-चौदाशे किलोमीटर. प्रत्येक गावापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची. लखनौ एकशेवीसच्या आसपास, पुणं साडेपाचशेच्या वर. वाटेतले सगळे चढउतार वजा केले तरी चारशेहून जास्त मीटर निव्वळ चढणं आलंच. पुणं बाकीच्या गावांपेक्षा वरच्या पातळीवर आहे, हे नाना मला वर्षानुवर्षं ऐकवत आले होते. आता त्यांच्याकडे आकडा होता.

चढ आला की वजन आलं. सायकल चौदा किलोची. सामान बारा किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं नानांनी फाइलमध्ये लिहून खाली सही केली. मग घरात जो प्रकार सुरू झाला तो मी डोळ्यांनी पाहिला म्हणूनच सांगतो. बनियनच्या मानेवरचं लेबल उसवलं. औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्यांची रिकामी कड कातरली. टॉवेलचा नॅपकिन झाला. टॉर्चचा पट्टा गेला, चष्म्याचं घर गेलं. एक दिवस खरखर आवाज येतो म्हणून गच्चीवर गेलो तर नाना शिकंज्यात टूथब्रश धरून हॅकसॉने त्याची दांडी कापत होते.

“लांबच्या प्रवासाचे सगळे सायकलवाले हे करतात,” नाना मान वर न करता म्हणाले. हे मात्र खरं आहे. या पंथात टूथब्रशाची दांडी कापणं म्हणजे मुंजीतलं चौल. ते झाल्याशिवाय पुढचे संस्कार होत नाहीत.

किती वजन वाचलं ते घरच्या काट्यावर कळेना. वहिनींचा काटा पोह्यांसाठी घेतलेला, त्याला टूथब्रश ठेवल्याचंही समजत नाही. तेव्हा नाना मला घेऊन चौकात गेले, तात्यांकडे.

तात्या गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-तासगावकडची ही मंडळी. तिकडे पाऊस कमी, शेत कोरडं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायचा धंदा धरून ती देशभर पांगली. हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, एखाद्या बोळातल्या जिन्यावर माणदेशी मराठी ऐकू येतं. तात्यांचं दुकान म्हणजे एक भट्टी, दोन मुशी, तेजाबाचा वास आणि काचेच्या पेटीत ठेवलेला काटा. पंखा चालू असला की तो काटा स्थिर राहत नाही, म्हणून तात्यांनी आधी पंखा बंद केला. मग चिमट्याने ब्रश उचलला, पारड्यात ठेवला आणि पेटीचं दार लावलं. आम्ही तिघंही श्वास धरून उभे.

“नऊ ग्रॅम आन्‌ दोन पॉइंट. आदी किती हुता?”

“कंपनीच्या हिशोबाने सोळा धरा.”

“म्हंजी जवळजवळ निम्मी घट!” तात्यांनी कपाळाला हात लावला. सोनं गाळताना गुंजभर घट आली तरी ज्याला उत्तर द्यावं लागतं, त्याच्या दृष्टीने हा दरोडाच होता. “आन्‌ दांडी कुटाय? टाकली? आवो नाना, आमी भट्टीची राख बी टाकत न्हाई.”

नंतर त्याच काट्यावर चेन जोडायची कडी, सुटे स्पोक, ब्रेकची रबरं, टायर काढायचे चमचे असं एकेक मोजून घेतलं. तात्यांनी हौसेनं सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं, सोन्याचं लिहितात तसं, तीन पॉइंटांपर्यंत. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून लाल कापडात बांधलेलं गाठोडं काढलं. पुतणीच्या पोराचं बारसं विट्याला. वाळे, कडदोरा, चांदीची वाटी.

“पुन्यासनं विटं काय लांब न्हाई. सांगा, कोनबी येऊन घिऊन जाईल. न्ह्याल न्हवं?”

“न्यायचं काय, नेऊ की,” नाना म्हणाले. मराठी माणसाला लखनौत राहून इतकी वर्षं झाली की ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप गळतो. गाठोडं त्या काट्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. दुसऱ्या, मोठ्या काट्यावर भरलं तीनशे चाळीस ग्रॅम. सात ग्रॅम वाचवून आम्ही तीनशे चाळीस घेऊन जिना उतरलो.

आता मिस्त्री. कैसरबागेच्या एका गल्लीत फूटपाथवर त्यांचं दुकान, म्हणजे एक लाकडी पेटी, एक पाण्याचं घमेलं आणि झाडाला टांगलेली टायरं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आयुष्य गेलं अॅटलस आणि हीरोच्या काळ्या सायकलींवर. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, तो नेमका जागतिक सायकल दिन होता, ही बातमी उस्ताद अजून घरातलं कुणी गेल्यासारखी सांगतात. नानांची गिअरवाली सायकल त्यांनी चहूबाजूंनी पाहिली. पेडल उलटं फिरवलं. मागच्या चाकापाशी वाकून दात मोजले.

“जनाब, ये इतने गियर किसलिए?”

“चढ़ाई के लिए.”

“लखनऊ में चढ़ाई कहाँ है?”

“यहाँ नहीं, आगे है. सेंधवा में.”

“तो सेंधवा में लगवा लीजिएगा.”

नाना घरी येईपर्यंत धुमसत होते. मी मात्र उस्तादांच्या बाजूचा. १९६३ साली डर्व्हला मर्फी नावाची आयरिश बाई सायकलवरून एकटी भारतात आली. युरोपातलं बर्फ तुडवत, इराण-अफगाणिस्तानातून. निघण्याआधी तिने काय केलं, तर सायकलचे तिन्ही गिअर काढून टाकले. असल्या नाजूक यंत्राचा आशियातल्या रस्त्यांवर निभाव लागणार नाही म्हणाली. आणखी एक शहाणपणा केला. सुटे टायर पाठीवर वाहण्याऐवजी वाटेतल्या वकिलातींमध्ये पोस्टाने पुढे धाडून दिले. ती जे पुस्तकात लिहून बसली तेच कैसरबागेतला माणूस घमेल्याशेजारी बसून सांगतो, तर नानांना राग. बाईचं ऐकतील, उस्तादांचं ऐकायला ते इंग्रजीत छापून यावं लागेल.

गिअर राहिले. हवेवरून मात्र खरा पेच पडला. नानांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा जातीचा, बारीक आणि तोंडाशी चिमुकला नट असलेला. आपल्या काळ्या सायकलींना वालट्यूबचा व्हॉल्व्ह, पंपावरच्या कॉम्प्रेसरला मोटारीचा जाड व्हॉल्व्ह. प्रेस्टाला दोघंही ओळख देत नाहीत. उस्तादांचा सल्ला सरळ होता : रिमचं भोक ड्रिलने मोठं करू, मोटारीच्या व्हॉल्व्हची ट्यूब घालू, मग उरई असो की गुना, जिथे ट्रक थांबतो तिथे हवा मिळेल. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काहीच नाही. बरेच सायकलवाले हेच करतात. पण उस्तादांनी ड्रिल हातात घेतलेलं पाहून नानांचा चेहरा असा झाला की शेवटी पितळेच्या अडॅप्टरवर तडजोड झाली. एवढासा तुकडा, दोन ग्रॅमसुद्धा नसेल. तो हरवेल म्हणून नानांनी चार घेतले, आणि चार हरवू नयेत म्हणून एक डबी.

चाकं ट्रू करायची वेळ आली तेव्हा मात्र नाना गप्प बसले. बघण्यासारखंच होतं ते. उस्तादांनी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि फ्रेमवर मनगट टेकवून रिमजवळ खडू धरला. आउट जिथे, तिथे रिम खडूला घासून जाते आणि पांढरी रेघ उमटते. मग त्या रेघेच्या आसपासच्या तारा. एका बाजूची पाव फेरा आवळ, समोरची तेवढीच सैल कर, पुन्हा चाक फिरव. रेघ तोकडी होत होत ठिपक्यावर आली. त्यानंतर खडू खाली ठेवला आणि नखाने एकेक तार छेडायला सुरुवात केली. छत्तीस तारा. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूला जागा कमी, म्हणून तिकडच्या तारा जास्त ताणाच्या आणि चढ्या आवाजाच्या; पलीकडच्या उतरत्या. एकाच बाजूच्या सगळ्या एका सुरात लागल्या पाहिजेत. एखादी दबक्या आवाजात बोलली की उस्ताद डोळे मिटून मान हलवायचे आणि चावी लावायचे.

नानांनी वही काढली. तार क्रमांक, किती फेरा, कोणत्या दिशेने.

या गल्लीत हे होणंच होतं. हाकेच्या अंतरावर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली सुरू केलेलं मॅरिस कॉलेज आहे, ज्याचं आता भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झालंय. मुंबईचा हा वकील देशभर हिंडला, उस्तादांच्या तोंडची चीज मिनतवारीने मिळवली, स्वरलिपीत उतरवली आणि छापून मोकळा झाला. पुष्कळ उस्तादांना ते रुचलं नाही. शंभर वर्षांनी दुसरा मराठी माणूस त्याच गल्लीत वही घेऊन बसलेला पाहून आमच्या उस्तादांनाही रुचलं नाही.

“लिखिए मत जनाब, लिखने से कान ख़राब हो जाता है.”

“पर झाँसी के आगे तार ढीला हुआ तो मैं क्या देखूँगा?”

“देखेंगे क्यों? सुनेंगे.”

नानांनी तरीही लिहिलं. वहीचं वजन एकशे दहा ग्रॅम.

तयारीच्या या दिवसांत सायकल फाटकाशी उभी असायची, आणि उत्तर प्रदेशात फाटकाशी उभी सायकल हे काही निष्पाप दृश्य नव्हे. इथे सायकल वाहन नंतर, आधी निवडणूक चिन्ह. १९९२ साली मुलायमसिंह यादवांनी समाजवादी पक्ष काढला आणि पुढे सायकल त्या पक्षाची झाली. २०१७च्या निवडणुकीच्या तोंडावर ती वडिलांची की मुलाची, असा वाद निवडणूक आयोगापर्यंत गेला आणि जानेवारीत आयोगाने ती अखिलेश यादवांना दिली. घरातली सायकल कुणी वापरायची यावरून भावाभावांत मारामाऱ्या होतात हे आपण पाहिलेलं असतं. निकालपत्र लिहून मिळाल्याचं हे एकच उदाहरण. त्यात नानांची सायकल लाल आणि तिच्यावर बांधलेल्या पिशव्या हिरव्या. रंगांची ही जोडी इथलं पोरसुद्धा ओळखतं. पानवाल्याने पहिल्याच दिवशी आवाज खाली आणून विचारलं,

“बाबूजी, टिकट कहाँ से मिल रहा है?”

“पुणे का इरादा है,” नाना.

“पुणे? वहाँ भी गठबंधन हो गया?”

दूधवाला त्या दिवसापासून नानांना अदबीने नमस्कार करू लागला आणि कोपऱ्यावरचे दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते करेनासे झाले. वहिनींनी पिशव्यांना निळे अभ्रे शिवून द्यायची तयारी दाखवली, पण निळा रंगही इथे रिकामा नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

अखिलेश सरकारच्या काळात लखनौत सायकलींसाठी वेगळे ट्रॅक झाले होते. इटाव्याहून आग्र्याला दोनशे किलोमीटरहून लांब सायकल महामार्गही २०१६ साली खुला झाला. शहरातल्या ट्रॅकची आजची अवस्था अशी की त्यावर सायकल सोडून सगळं सापडतं. उभ्या मोटारी, मोमोचे ठेले, एखादी निवांत गाय. नाना नियमाचे पक्के. ट्रायल ट्रॅकवरच घ्यायची म्हणून हटून बसले. बऱ्या-वाईट मार्गावर गाडी पळवून बघायचं शास्त्र त्यांना पाठ होतंच, पण मार्गावर मोमो असतील तर काय करायचं याचा परिच्छेद त्यात नसावा. पहिल्या फेरीत सायकल किती डुलली ते कळलं नाही. नाना मात्र शेजवान चटणीसकट परत आले.

चढाच्या सरावासाठी लखनौत फ्लायओव्हर सोडून काही नाही. सगळा गंगेचा गाळ, टेबलासारखा सपाट. त्यामुळे नाना पहाटे उठून एकाच फ्लायओव्हरवर चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. तिथला होमगार्ड आधी संशयाने बघायचा, मग काळजीने, आणि शेवटी चहा मागवून ठेवायला लागला. फेरीचा शेवट चौकात गोल दरवाज्यापाशी व्हायचा, कारण थंडी पडली होती आणि मक्खन-मलाईचे ठेले लागले होते. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं, पहाटे घुसळून त्याचा फेस काढायचा, वर केशर आणि पिस्ते. दोन्यात ढीगभर दिसते, तोंडात घातली की नाही. सूर्य वर आला की परातीतही नाही. अख्ख्या लखनौत वजन नसलेली खाण्याची वस्तू ही एवढीच, आणि नेमकी तीच बरोबर नेता येत नाही. शिवाय ती खाताना शेजारच्या भट्टीवरून पुरी-कचोरीचा वास येतो. सायकलवरचे ग्रॅम उतरत होते आणि सायकलस्वारावर किलो चढत होते. पण नानांच्या तक्त्यात सायकलस्वाराचा रकानाच नव्हता.

निघायची तारीख आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी हातात घेतली. उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात चाळीस वर्षं वकिली. तारीख हा त्यांचा प्रांत. त्यांनी पंचांग मागवलं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला. पुणं नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्हींच्या कैचीत. तीन वार बाद. शनिवारी लोखंड दाराबाहेर काढायचं नाही. नाना म्हणाले फ्रेम साध्या लोखंडाची नाही, क्रोमोलीची आहे. वकीलसाहेबांनी क्रोमोलीत काय काय असतं ते विचारलं. नाना खोटं बोलणारे नव्हेत. अठ्ठ्याण्णव टक्के लोखंड निघालं, शनिवार गेला. बुधवारी इकडे लेकीची पाठवणी करत नाहीत. “सायकल घेतली कुठून? लखनौतून. म्हणजे ती इथलीच लेक झाली.” राहिले सोमवार आणि मंगळवार. मंगळवारी वकीलसाहेब हनुमान सेतूच्या देवळात असतात, आणि त्यांच्या गैरहजेरीत नानांनी निघून जाणं हे सभ्यतेत बसत नव्हतं. सोमवार ठरला. पहिल्या सोमवारी धुकं पडलं. दुसऱ्या सोमवारी उस्तादांच्या नातवाची खतना होती. वकीलसाहेब शांतपणे पुढची तारीख देत राहिले. आपल्या व्यवसायातली त्यांची ख्याती कशावर उभी असेल याचा मला अंदाज आला.

या मुदतवाढीत गाव जागं झालं. मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी १९२३च्या ऑक्टोबरात सायकली काढल्या आणि त्यांतले तिघं १९२८च्या मार्चमध्ये जग फिरून परतले; माझी खात्री आहे की त्यांच्या निघण्याची तारीख बाहेर फुटली नव्हती. नानांची फुटली. शेजारच्या मिश्राइनजींनी रेवडी आणली, गुलाबाची आणि केवड्याची, एकेक किलो, कारण चारबागची रेवडी न घेता लखनौहून गेलेला माणूस कुठून आला हे पुण्यात कुणाला कळणार कसं. वहिनींच्या मैत्रिणीने सुनेकडे द्यायला चिकनचे कुर्ते दिले. “वजन काहीच नाही हो, हवा आहे हवा,” म्हणत पाच दिले. कुणी गजक दिली. होमगार्डाने सरसोंच्या तेलाची बाटली दिली, गुडघ्यांना लावायला.

मराठी समाजातल्या एक आजी काठी टेकत जिना चढून आल्या. त्यांना पुण्याच्या बहिणीसाठी गंगाजल पाठवायचं होतं. वाटेत गंगा लागतेच, कानपूरच्या अलीकडे, नुसतं उतरून भरून घ्यायचं. नानांनी पाण्याचं वजन समजावून सांगायचा प्रयत्न केला. लिटरला किलो, आजी. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाचलंय का?” वाचलं होतं. सत्तावन्नच्या धामधुमीत वरसईचा हा भटजी उत्तरेत आला, झाशी पडताना डोळ्यांनी पाहिली, वाटेत लुटला गेला, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात पायी पोचला.

“त्याला सायकलसुद्धा नव्हती,” आजी म्हणाल्या. यावर नानांच्या फाइलमध्ये उत्तर नव्हतं. दोन लिटरचा कॅन आला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं वजन. तात्यांचा काटा इथे उपयोगाचा नाही, म्हणून दारावरून जाणाऱ्या कबाडीवाल्याला थांबवलं. त्याने आकड्याला सायकल टांगली, पिशव्यांसकट, आणि काटा डोळ्यांजवळ आणून वाचला. सदतीस किलो, तेही गंगेचं पाणी धरायच्या आधी. चौदा सायकलचे, तेवीस सामानाचे. नाना दगडासारखे उभे. कबाडीवाल्याला ती वेगळीच शांतता वाटली.

“बाईस का भाव लगा दूँ, बाबूजी?”

वहिनी इतका वेळ दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या खाली आल्या, पिशव्यांच्या चेन उघडल्या आणि सामानाचे दोन ढीग केले. एकात रेवडी, गजक, कुर्ते, चांदीचं गाठोडं, तेल, कॅन. दुसऱ्यात नानांचं.

“हे मी घेऊन जाते. पुष्पकचं तिकीट काढलंय उद्याचं. नाशिकला ताईकडे उतरते, तुम्ही आलात की तिथून पुढे दोघं मिळून बघू. आजींचं पाणी गाडी कानपूरला थांबली की तिथल्या भाच्याकडून भरून घेते.”

“तू तिकीट कधी काढलंस?”

“तुम्ही ब्रश कापलात त्या दिवशी.”

डर्व्हला मर्फीने जे पोस्टाने केलं ते वहिनींनी रेल्वेने केलं. आयुष्यभर रेल्वेची चाकरी केलेल्या माणसाला हे सुचू नये याचं नानांना वाईट वाटलं असावं, पण नऊ किलोचा ढीग बाजूला झालेला पाहून ते बोलले नाहीत. राहिले चौदा. त्यातही हत्यारं तीन किलोची. ती कमी करा म्हणायची छाती कुणाची नव्हती.

सोमवारी धुकं नव्हतं. उस्ताद आले, त्यांनी मागचं चाक उचलून दोन तारा छेडल्या आणि मान डोलावली. वकीलसाहेबांनी दही-गूळ चारला. तात्या दुकान उघडायच्या आधी स्कूटरवरून येऊन गेले. पानवाल्याने सायकलच्या हँडलला झेंडूचा हार घातला, त्यामुळे ब्रेक लागेनात. तो काढून नानांच्या गळ्यात घालावा लागला आणि दृश्य पूर्णच राजकीय झालं. दोन पोरं घोषणा देत कोपऱ्यापर्यंत धावली. मग नाना वळले आणि दिसेनासे झाले.

संध्याकाळी वहिनींना चारबागवर सोडायला गेलो. गाडी हलेपर्यंत नानांचा फोन आला नव्हता. आला तेव्हा ते उन्नावला होते. आवाज थकलेला. मी विचारलं, पंक्चर? नाही. वारा? नाही. गिअर? तो तर लागलाच नाही, सपाट रस्ता.

“अरे, हवा बघायला एका दुकानावर थांबलो. अडॅप्टर काढला तर गर्दी जमली. दुकानदाराचा साडू उरईला असतो. मी उरईवरून जाणार हे त्याला कळलं.”

“कोण बोललं?”

“मीच.”

“किती आहे?”

“काटा कुठाय इथे? पेरू आहेत. मोजून अठरा. आणि दोन ऊस.” नाना जरा थांबले. “ऊस कॅरिअरवर आडवे बांधलेत. एक आहे, त्यामुळे ट्रक लांबून जातात.”